कढई, कुकर की दोन पातेली? कामाच्या दिवशी रात्रीचा पास्ता

माझी धाकटी जाऊ नुकतीच इथे नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत रुजू झाली. द्वारका चौकातल्या गर्दीतून सुटून घरी पोचेपर्यंत तिला आठ वाजतात. परवा तिचा फोन आला, "वहिनी, पास्ता एकाच भांड्यात करतात म्हणे. कढईत करू की कुकरमध्ये? की आपलं नेहमीसारखं, उकळून वेगळा आणि सॉस वेगळा?" मी तिन्ही प्रकार वर्षानुवर्षं केलेत, तिन्ही बिघडवलेही आहेत. तिला जे सांगितलं ते थोडं ऐसपैस इथे.

आधी दोन पातेल्यांचा प्रकार, कारण बाकीचे दोन त्याला फाटा देऊनच निघालेत. इटालियन रिवाज असा की १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी. चौघांसाठी २५० ग्रॅम घेतला तर अडीच लिटर पाणी आधी उकळायचं. आमच्या गॅसवर त्यालाच पाऊण तासातला पाव तास जातो. मग पास्ता शिजतो, चाळणीत निथळतो आणि ते पांढुरकं पाणी सिंकमध्ये जातं. खरी गंमत त्या पाण्यातच असते. पास्त्यातून सुटलेला स्टार्च त्यात असतो आणि तोच तेल आणि टोमॅटोच्या रसाला एकजीव करतो. एका भांड्यात शिजवताना हे पाणी कुठे जात नाही, आटून सॉसच होतं. क्रीम, मैदा काही न घालता कढईतला पास्ता दाट लागतो तो यामुळे.

तरीही दोन पातेली मी मोडीत काढलेली नाहीत. चातुर्मासात सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. तेव्हा पास्ता एकदाच उकळते आणि त्यांचा सॉस वेगळा करते. एका भांड्यात ही सोय नाही. जे पडलं ते सगळ्यांच्या ताटात. मुलाच्या सकाळच्या डब्यासाठीही हीच पद्धत बरी. सॉसमध्ये राहिलेला पास्ता रात्रभर पाणी पीत राहतो आणि सकाळी त्याची वडी पडते. नुसता उकडून, तेलाचा हात लावून ठेवलेला सकाळी सुटा निघतो.

आता कढई. माझ्या मते चवीला हीच पहिली. दोन चमचे तेलात आठ-दहा लसूण पाकळ्या, एक कांदा, मग चार मध्यम टोमॅटो बारीक चिरून. ऑगस्टपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो भरपूर येतो, तेव्हा तोच, चांगला लालबुंद बघून. उन्हाळ्यात फिक्या, टणक टोमॅटोंपेक्षा तयार प्युरी परवडते. टोमॅटो गळला की २५० ग्रॅम पेने (नळीचा पास्ता) किंवा फुसिली (पिळाचा), वरून ६०० मिली गरम पाणी. पाणी गरमच हवं, हे दोनदा सांगते; गार ओतलं तर उकळी येईपर्यंत पास्ता बाहेरून चिकट होतो. त्यानंतर मध्यम आच आणि हातात झारा.

झारा म्हणजे खरंच हातात. पाणी कमी असल्याने दर मिनिटा-दीड मिनिटाला तळापासून हलवावं लागतं, नाहीतर पास्ता बुडाला धरतो. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलेली असतील तर तेरा-चौदा धरायची. टोमॅटोच्या घट्ट रसात पास्ता साध्या पाण्यापेक्षा हळू शिजतो हे एक. दुसरं म्हणजे आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. फरक मिनिटभराचा, पण पाकिटावर विसंबणाऱ्याला तो दाताखाली कळतो. घड्याळापेक्षा एक तुकडा तोडून बघावा: आत पांढरा ठिपका दिसला तर अजून दोन मिनिटं.

म्हणजे सगळं मिळून पंचवीस मिनिटं आणि त्यातली चौदा ओट्यापाशी उभं राहून. मुलाचा गृहपाठ स्वयंपाकघरातच घेता येत असेल तर चालून जातं. मला आवडतं उलट, तेवढा वेळ कोणी काही मागत नाही.

कुकरचा हिशेब निराळा. चव उतरते थोडी, पण तो तुम्हाला मोकळं करतो. फोडणी, टोमॅटो, पास्ता सगळं कुकरमध्येच. पाणी पास्ता जेमतेम बुडेल इतकं, २५० ग्रॅमला साधारण दोन कप. झाकण, मध्यम आच, एक शिट्टी, गॅस बंद. पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा आणि मग शिट्टी चमच्याने हळूहळू उचलून उरलेली वाफ सोडायची. डाळीसारखा कुकर आपोआप पडेपर्यंत थांबलात तर पेन्याची खिमट. आत तापमान १२० अंशांपर्यंत जातं, तिथे दोन मिनिटांचीही किंमत मोजावी लागते. पहिल्यांदा मी सवयीने तीन शिट्ट्या केल्या होत्या. मुलाने ताट बघून विचारलं, "आई, हा कोणता हलवा?"

कुकरला अटी आहेत. पास्त्याचा फेस भयंकर वर येतो, म्हणून चमचाभर तेल हवंच आणि कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. २५० ग्रॅमला पाच लिटरचा कुकर बरा, तीन लिटरचा असेल तर दोघांपुरताच करा. स्पॅगेटी कुकरमध्ये नको, जुडीच्या जुडी चिकटून बसते. आणि दूध झाकणाआधी घालू नका. पांढरा सॉस हवा असेल तर पास्ता पाण्यात शिजवून घ्या, झाकण उघडल्यावर दूध आणि चीज घालून मंद आचेवर दोन उकळ्या काढा. टोमॅटोच्या पास्त्यात दुधाऐवजी साय, तीही गॅस बंद करून, नाहीतर फाटते.

मिठाचा घोळ दोन्हीकडे होतो. उकळून निथळण्यात बरंचसं मीठ पाण्याबरोबर जातं, म्हणून तिथे सढळ हाताने टाकतात. एका भांड्यात सगळं आतच राहतं आणि वर चीज स्वतःचं मीठ घेऊन येतं. २५० ग्रॅमला एक सपाट चहाचा चमचा, बाकी चव बघून.

यातलं काहीही निवडलं तरी पाकीट उलटून बघा. घटकांत ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असेल तरच तो एका भांड्याचा मार खातो. किराणा दुकानात सुटी मिळणारी मैद्याची मॅकरोनी कढईत हलवता हलवता विरघळते आणि कुकरमध्ये तर विचारूच नका. ड्युरम म्हणजे काही परदेशी प्रकरण नाही, आपला बन्सी गहू तोच. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचे 'पंचवटी' आणि 'गोदावरी' हे वाण बन्सीचेच.

सासूबाईंनी पहिल्यांदा कढईतला पास्ता खाल्ला तेव्हा म्हणाल्या, "अगं, या तर चकोल्याच की!" चुकीचं नव्हतं ते. कणकेचे तुकडे पातळ वरणात शिजतात, त्यांच्या पिठाने वरण दाटतं, तत्त्व तेच. मग आठवड्याच्या मधल्या दिवशी चकोल्याच का नाही? डाळीमुळे पोटाला त्याच बऱ्या, पाकीट आणायला नको. पण डाळ शिजवायची, कणीक मळायची, लाटून कापायची, फोडणी द्यायची, याला माझ्या हाताने पाऊण तास लागतो. शिजलेलं वरण फ्रिजमध्ये असेल तर मात्र मी पास्त्याला हात लावत नाही.

जावेला शेवटी सांगितलं ते असं: आठला घरात शिरतेस, लगेच धुणं वाळत घालायचं असतं, तुला कुकर. शनिवारी, किंवा भावजी लवकर आले आणि झारा त्यांच्या हातात देता आला, तर कढई. चवीतला फरक तुलाच कळेल. दोन पातेली पाहुणे किंवा चातुर्मास असेल तेव्हा.

ती म्हणाली, "मग कुकरच. भांडी पण कमी." इथे मात्र तिला थांबवलं. कढईला गरम पाणी घालून ठेवलं की पंधरा मिनिटांत सगळं सुटतं. कुकरची शिट्टी आणि झाकणाची रिंग त्याच रात्री काढून धुवावी लागते. फेस वाफेच्या नळीत चढून वाळला तर दुसऱ्या दिवशी डाळीला शिट्टीच होत नाही. नळीतून पाणी सोडून आरपार वाहतंय ना बघायचं, आणि मगच झोपायला जायचं.