‘अ’ की ‘ॲन’: अक्षर पाहावे की उच्चार ऐकावा?

मराठी माध्यमातून शिकून आता स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, इंग्रजी शब्दाआधी ‘अ’ (a) लावावे की ‘ॲन’ (an) हे ठरवताना शाळेत शिकवलेला पाच स्वराक्षरांचा (a, e, i, o, u ने सुरू होणाऱ्या शब्दाआधी ‘ॲन’) नियम धरावा की उच्चारावरून ठरवावे.

पाठांतराच्या दृष्टीने अक्षरांचा नियम सोपा आहे आणि ‘ॲपल’, ‘एग’, ‘अंब्रेला’ अशा शब्दांत तो अचूक ठरतो. मात्र ‘आवर’ (hour), ‘ऑनेस्ट’ (honest), ‘युनिव्हर्सिटी’ (university), ‘युरोपियन’ (European) आणि ‘वन-वे’ (one-way) येथे तो फसतो, आणि नेमके हेच शब्द परीक्षेत हमखास विचारले जातात. संक्षेपांपुढे तर त्याचा भरवसा धरता येत नाही.

उच्चाराचा नियम धरल्यास अपवादांची यादी लागत नाही. शब्द देवनागरीत लिहून पाहावा: आरंभी स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आले तर ‘अ’; म्हणून ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एक्स-रे’, पण ‘अ युनिफॉर्म’. अडचण आपल्या उच्चाराची आहे. वर्ष या अर्थाचा शब्द आपण ‘इयर’ म्हणतो, इंग्रजीत मात्र त्याच्या आरंभी ‘य’ हे व्यंजन आहे, त्यामुळे ‘अ इयर’ हेच बरोबर. शंका आल्यास शब्दकोशातील उच्चार पाहण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

‘इन्फर्मेशन’ किंवा ‘फर्निचर’ यांना यांपैकी काहीच लागत नाही, हे मात्र दोन्ही नियम सांगत नाहीत.

प्राथमिक वर्गातील मुलांना आरंभी अक्षरांचा नियम पुरेसा आहे. परीक्षा, मुलाखत किंवा नोकरीतील पत्रव्यवहार यांसाठी उच्चाराचाच नियम धरावा.