यूएस ओपन बघू की ब्रिटिश ओपन?

मित्राने विचारलं, गोल्फ नवीन आहे, वर्षात एकच मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) चार दिवस पूर्ण बघणारे, तर या दोन ओपनपैकी कुठली?

मान म्हणाल तर ब्रिटिश ओपन थोरली, 1860 पासूनची, यूएस ओपन 1895 ची. पैशात उलटं, 2025 ला यूएस ओपनची एकूण बक्षीसरक्कम 2.15 कोटी डॉलर, ब्रिटिशची 1.7 कोटी. पण पैशासाठी कोण क्लॅरेट जग, म्हणजे ब्रिटिश ओपनची ट्रॉफी, सोडेल?

खरा फरक कोर्सचा. जूनमधल्या यूएस ओपनला रफ (कडेचं उंच गवत) एवढं वाढवतात की बॉल आत गेला की नुसता बाहेर काढायचा, ग्रीन्स (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) काचेसारखी. 2025 ला ओकमाँट कोर्सवर एकटा जे. जे. स्पॉन अंडर पार (ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा कमी), तोही एकनेच, आणि शेवटच्या होलवर त्याने पावसात 64 फुटांचा पट (ग्रीनवरून होलमध्ये घरंगळवलेला फटका) टाकला, मी खुर्चीतून उठलोच!

जुलैतली ब्रिटिश ओपन लिंक्सवर, म्हणजे समुद्राकाठच्या उघड्या, वाळूच्या कोर्सवर, तिथे वारा मालक. वारा पडला तर धो धो बर्डी (होलला पारपेक्षा एक फटका कमी), 2016 ला विजेता हेन्रिक स्टेन्सन 20 अंडर पार. पण बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, विहिरीच, 2000 ला सेंट अँड्र्यूज कोर्सच्या 17 व्या होलवर डेव्हिड डुव्हाल या खेळाडूला बंकरमधून बाहेर यायला चार फटके लागले, चार!

दिग्गजांना पारसाठी रडताना बघायचं असेल तर यूएस ओपन. जमिनीवरून घरंगळणारे शॉट, नशिबाचे खेळ आवडत असतील तर ब्रिटिश, आणि नवख्याला मी हीच सांगेन.