ट्रायझॉल रीएजंट: विकत घेण्याआधी आणि झाकण उघडण्याआधी

रोगट ऊतीत कोणती जनुकं जोमाने चालू आहेत आणि कोणती बंद पडली आहेत, हे शोधताना खर्चाचा मोठा भाग सिक्वेन्सिंगवर, म्हणजे आरएनएची अक्षरं वाचण्यावर, जातो आणि चर्चाही त्याचीच होते. पण उत्तर बिघडायचं असेल तर ते त्याच्या कितीतरी आधी, ऊतीतून आरएनए (चालू जनुकांच्या प्रती) काढतानाच बिघडतं. या कामासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक दिसणारी वस्तू म्हणजे ट्रायझॉल: १०० किंवा २०० मिलीच्या बाटलीत येणारा, फिनॉलचा उग्र वास असलेला गुलाबी द्रव. प्राण्यांच्या ऊती आणि वाढवलेल्या पेशी यांतून संपूर्ण आरएनए काढायला आजही हाच घ्यावा, असं आमचं मत आहे. मेणात जपलेल्या ऊतींचे ठोकळे, मोजक्या पेशींतले मायक्रोआरएनए (जनुकांना आवर घालणारे अगदी लहान आरएनए) आणि गोड गराची फळं यांसाठी मात्र घेऊ नये. कारणं पुढे येतीलच.

पद्धतीचं मूळ १९८७ सालचं. खोमचिन्स्की आणि साकी यांनी ॲसिड ग्वानिडिनियम थायोसायनेट, फिनॉल आणि क्लोरोफॉर्म यांची एकाच टप्प्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी सिझियम क्लोराइडच्या द्रावणावर अल्ट्रासेंट्रीफ्यूज तासन् तास चालवावा लागे. नव्या पद्धतीने तेच काम चार तासांत होऊ लागलं. ट्रायझॉलमध्ये हे घटक तयार मिसळलेले असतात. ग्वानिडिन थायोसायनेट प्रथिनांची घडी मोडतं, त्यामुळे आरएनए खाणारी आरएनेझ विकरंही तत्क्षणी निकामी होतात. आम्लधर्मी फिनॉलमुळे डीएनए मधल्या पांढऱ्या थरात आणि खालच्या फिनॉलमध्ये जातो, प्रथिनं खाली उतरतात आणि आरएनए वरच्या पाण्यात उरतो.

ट्रायझॉलचा खरा गुण किती आरएनए मिळतो हा नाहीच. खरा गुण आहे तो वेळ थांबवण्याचा. पेशी जिवंत असेपर्यंत आपल्यावर काय गुदरतंय याला प्रतिसाद देत राहते. एकेका पेशीच्या अभ्यासासाठी ऊती ३७ अंशांवर विकरांनी सुट्या करतात, तेव्हा फॉस, जुन यांसारखी ताणाची जनुकं मिनिटांत चढतात. २०१७ साली स्नायूंच्या मूळपेशींवर हे स्पष्टपणे दाखवलं गेलं: ज्याला पेशींचा वेगळा उपप्रकार समजावं असा गट प्रत्यक्षात पेशी सुट्या करण्याच्या प्रक्रियेनेच तयार झाला होता. ट्रायझॉल पडताच पेशी फुटते आणि लिप्यंतरण, म्हणजे जनुकावरून आरएनए बनणं, जिथल्या तिथे थांबतं. म्हणून प्लेटवरच्या पेशींचं माध्यम काढलं की लगेच ट्रायझॉल ओतायचं. आधी बफरने दोन-तीनदा धुण्याची सवय अनेकांना असते, पण त्या धुण्यात वेळही जातो आणि मागे राहिलेलं पाणी ट्रायझॉल पातळही करतं.

आता प्रमाणं. ५० ते १०० मिलिग्रॅम ऊतीला १ मिली, चिकटून वाढणाऱ्या पेशींच्या १० चौरस सेंटिमीटर क्षेत्राला १ मिली, तरंगणाऱ्या पेशी असतील तर ५० लाख ते १ कोटी पेशींना १ मिली. नमुन्याचं आकारमान ट्रायझॉलच्या एक दशांशावर जाऊ देऊ नका. बहुतेक फसलेल्या प्रयोगांचं मूळ इथेच असतं: ऊती मौल्यवान म्हणून सगळीच्या सगळी एका ट्यूबमध्ये कोंबली जाते, मग द्रव दाट होतो, थर नीट सुटत नाहीत आणि आरएनएमध्ये डीएनए येतो. अशा वेळी ट्रायझॉल वाढवा, ऊती दोन ट्यूबमध्ये विभागा. रक्त, द्रव यांसाठी एलएस नावाचा जास्त तीव्र प्रकार मिळतो. त्यात ०.२५ मिली नमुन्याला ०.७५ मिली घालायचं असतं. साधं ट्रायझॉल तिथे चालवून घेऊ नये.

यकृत मऊ, ते सहज विरघळतं. कंकाल स्नायू, हृदय आणि त्वचा चिवट. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये खलात कुटा किंवा मणी घालून हलवणारं यंत्र वापरा. ऊतीचा तुकडा ट्रायझॉलमध्ये टाकून ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला, हा समज चुकीचा आहे, कारण द्रव आतपर्यंत पोचेतो आतला आरएनए तुटलेला असतो. मिळकतीचा अंदाज आधीच ठेवावा. यकृत आणि प्लीहा यांतून मिलिग्रॅममागे ६ ते १० मायक्रोग्रॅम, मूत्रपिंडातून ३ ते ४, मेंदू आणि कंकाल स्नायूतून जेमतेम १ ते १.५. स्नायूतून यकृताइतका आरएनए निघाला नाही म्हणून पद्धतीला दोष देण्यात अर्थ नाही.

कुटून झाल्यावर ५ मिनिटं खोलीच्या तापमानाला ठेवा, म्हणजे आरएनए-डीएनएला चिकटलेली प्रथिनं सुटतात. मग प्रत्येक मिलीला ०.२ मिली क्लोरोफॉर्म. क्लोरोफॉर्म निखळ हवा, आयसोअमिल अल्कोहोल मिसळलेला नको. झाकण घट्ट लावून हाताने जोरात १५ सेकंद हलवा. इथे व्होर्टेक्स (ट्यूब गरगर हलवणारं यंत्र) टाळलेला बरा, त्याने लांब डीएनए तुटतो आणि तुकडे वरच्या थरात येतात. २–३ मिनिटं थांबून सेंट्रीफ्यूजमध्ये १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट) बलाने, ४ अंशांवर, १५ मिनिटं फिरवा.

‘जी’ आणि मिनिटाचे फेरे यांतली गल्लत फार जुनी आहे. फेऱ्यांचा वर्ग गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले ०.००००१११८, हे सूत्र यंत्राच्या झाकणावर चिकटवून ठेवावं. रोटरची त्रिज्या ८.४ सेंटिमीटर असेल तर १२,००० जी म्हणजे सुमारे ११,३०० फेरे, ५.५ असेल तर सुमारे १४,०००. थंडावाही चुकवू नये. गरम सेंट्रीफ्यूजमध्ये थोडा डीएनए वरच्या थरात राहून जातो. विदर्भातल्या मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीतलं यंत्र ४ अंशांवर यायला बराच वेळ घेतं, म्हणून ते आधीपासून चालू ठेवा. पुस्तिकेतलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे १५ ते ३० अंश, हेही तिथे लक्षात असू द्या.

ट्यूब बाहेर काढल्यावर खाली गुलाबी, मध्ये पांढरट पापुद्रा, वर पाण्यासारखा स्वच्छ थर दिसतो. हा वरचा थर एकूण द्रवाच्या साधारण निम्मा असतो. इथे हाव नडते. शेवटचे १०० मायक्रोलिटर सोडून द्यावेत, कारण पापुद्र्याला पिपेटची टोक लागली की डीएनए आणि फिनॉल दोन्ही वर येतात. ट्यूब तिरकी धरून, कडेने, २०० मायक्रोलिटरच्या पिपेटने थोडं थोडं काढत गेलं तर नवख्या हातालाही जमतं.

वरच्या थरात मूळच्या प्रत्येक मिलीला ०.५ मिली आयसोप्रोपॅनॉल, १० मिनिटं थांबणं, पुन्हा १२,००० जी, १० मिनिटं. नमुना लहान असेल तर आयसोप्रोपॅनॉलआधी ५ ते १० मायक्रोग्रॅम ग्लायकोजेन घाला, म्हणजे तळाचा गोळा डोळ्यांना दिसतो आणि ओतताना जात नाही. मग ७५ टक्के इथेनॉल १ मिली, ७,५०० जी, ५ मिनिटं. ते इथेनॉल त्याच आठवड्यात, आरएनेझमुक्त पाण्यात बनवलेलं असावं. गोळा ५ ते १० मिनिटं हवेत सुकवा. पूर्ण कोरडा करू नका, व्हॅक्यूम तर नकोच. पांढरा गोळा पारदर्शक काचेसारखा झाला की तो विरघळायला नकार देतो आणि २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं, शुद्धता दाखवणारं) १.६ च्या खाली जातं. शेवटी २० ते ५० मायक्रोलिटर पाण्यात, ५५–६० अंशांवर १० ते १५ मिनिटं.

आकडे वाचताना मात्र सावध राहावं लागतं. २६०/२८० गुणोत्तर २ च्या आसपास हवं, पण ते चांगलं आलं म्हणजे आरएनए अखंड आहे असं नाही. तुकडे झालेला आरएनएही तेच गुणोत्तर देतो. अखंडपणा बायोॲनालायझर या यंत्रावरच्या १ ते १० च्या आरआयएन (आरएनएची अखंडता दाखवणाऱ्या) अंकाने कळतो आणि सिक्वेन्सिंगसाठी तो सहसा ७ च्या वर मागतात. फिनॉल २७० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतं. आलेखाचं शिखर २६० वरून उजवीकडे सरकलं असेल तर नॅनोड्रॉपने (प्रकाशाच्या शोषणावरून मोजणाऱ्या यंत्राने) दाखवलेला आरएनएचा आकडा फुगलेला आहे असं समजा आणि क्युबिटने (आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगावरून मोजणाऱ्या यंत्राने) मोजा. २६०/२३० गुणोत्तर घसरलं की लोक घाबरतात, पण ग्वानिडिन थायोसायनेट २३० ला इतकं जोरात शोषतं की त्याचा लवलेशही हे गुणोत्तर पाडतो, आणि तेवढ्याने पुढचं काम बिघडेलच असं नसतं. खात्री करायची सोपी युक्ती आहे: आरएनए पाचपट पातळ करून दोन्ही नमुन्यांवर क्यूपीसीआर (प्रती वाढवत मोजण्याची चाचणी) लावा. सीटी (संकेत दिसायला लागलेल्या फेऱ्यांचा आकडा) सुमारे २.३ ने वाढला तर सारं ठीक. त्यापेक्षा बराच कमी वाढला तर मूळ नमुन्यात विकर अडवणारं काहीतरी आहे. मग एक दशांश आकारमान ३ मोलर सोडियम ॲसिटेट आणि अडीचपट इथेनॉल घालून आरएनए पुन्हा खाली बसवा.

कितीही काळजी घेतली तरी थोडा डीएनए येतोच. डीएनेझ (डीएनए खाणारं विकर) लावणं आणि उलट लिप्यंतरणाचं (आरएनएवरून डीएनए बनवणारं) विकर न घातलेली एक ट्यूब सोबत चालवणं, ही दोन्ही कामं ऐच्छिक मानू नयेत.

काही नमुन्यांना वेगळी वागणूक लागते. चरबीच्या ऊतीत क्लोरोफॉर्मआधीच १२,००० जी वर १० मिनिटं फिरवून वर तरंगणारं तेल टाळून खालचा द्रव घ्या. स्वादुपिंडात आरएनेझ इतकं असतं की ऊती काढल्यापासूनचे सेकंद मोजावे लागतात. कूर्चेत बहुशर्करा जोडलेली प्रथिनं भरपूर, म्हणून आयसोप्रोपॅनॉल निम्मं करून तेवढंच ०.८ मोलर सोडियम सायट्रेट आणि १.२ मोलर मीठ यांचं द्रावण घाला. हापूसच्या पिकलेल्या गरात पेक्टिन आणि साखर एवढी की चिकट गोळा हाती येतो, तिथे सीटॅब या डिटर्जंटची पद्धत बरी. पॅथॉलॉजी विभागातल्या फॉर्मलिनच्या, मेणातल्या ठोकळ्यांसाठी ट्रायझॉल नाहीच. त्यातला आरएनए प्रथिनांना जखडलेला आणि तुटलेला असतो, तो सोडवायला प्रोटीनेझ आणि उष्णता वापरणारे वेगळे संच मिळतात.

शस्त्रक्रियागृहात ट्रायझॉल नेणं शक्य नसेल तर ऊतीचे तुकडे आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रावात टाका. तुकड्याची एक तरी बाजू अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर द्रव आत शिरत नाही. रात्रभर ४ अंशांवर, मग उणे २० ला. रक्तपुरवठा तुटल्यापासून ऊती द्रवात पडेपर्यंत किती मिनिटं गेली ते प्रत्येक नमुन्यावर लिहा. ती मिनिटं रोगी आणि निरोगी गटांत वेगवेगळी असली तर प्राणवायूच्या तुटवड्याला प्रतिसाद देणारी जनुकं ‘रोगाची जनुकं’ म्हणून यादीत वर येऊन बसतात.

मायक्रोआरएनएचा सापळा फारसा कोणी सांगत नाही. पेशी थोड्या असतील तर कमी जीसी (ग्वानिन आणि सायटोसिन ही अक्षरं) असलेले काही लहान आरएनए ट्रायझॉलमध्ये निवडकपणे गळतात. २०१२ साली मायक्रोआरएनए-१४१ सारख्या रेणूंबाबत हे दाखवलं गेलं. म्हणजे एका गटात पेशी जास्त आणि दुसऱ्यात कमी असल्या, तर जीवशास्त्रात नसलेला फरक आलेखात दिसतो. हे काम करायचंच असेल तर दोन्ही गटांत पेशींची संख्या सारखी ठेवा.

एकाच नमुन्यातून आरएनए, डीएनए आणि प्रथिनं तिन्ही मिळतात, असं उत्पादनाच्या माहितीत म्हटलेलं असतं. आरएनए उत्तम, डीएनए कामापुरता, पण प्रथिनांचा गोळा एक टक्का एसडीएस या डिटर्जंटमध्ये ५० अंशांवर ठेवूनही बराचसा दगडासारखा राहतो. प्रथिनांसाठी ऊतीचा वेगळा तुकडा आधीच राखून ठेवा.

सोमवारी सगळे निरोगी नमुने आणि मंगळवारी सगळे रोगी, असं कधीही करू नका. दोन दिवसांतला क्लोरोफॉर्म, हात आणि तापमान यांचा फरक रोगाच्या फरकात कायमचा मिसळतो, तो नंतर कुठल्याही संख्याशास्त्राने सुटा होत नाही. प्रत्येक तुकडीत दोन्ही गट मिसळा. आणि हेही आधीच ठरवा: ट्रायझॉलमध्ये पडलेली ऊती म्हणजे सगळ्या पेशींची सरासरी. गाठीत सीडी३ई हे टी पेशींचं (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींचं) जनुक वाढलेलं दिसलं तर बहुधा टी पेशी जास्त आल्या आहेत, कर्कपेशींनी ते जनुक चालू केलेलं नाही. कोणत्या पेशीत बदल झाला हा तुमचा प्रश्न असेल, तर ट्रायझॉल ओतण्याआधी ऊतीचा एक भाग त्या कामासाठी बाजूला काढा.

धोका खरा आहे. फिनॉल त्वचा भाजतं आणि त्याच वेळी बधिरही करतं, त्यामुळे दुखत नाही म्हणून गाफील राहू नये. क्लोरोफॉर्म पातळ नायट्राइल हातमोज्यातून लवकर आरपार जातो, थेंब पडताच मोजे बदला. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबमध्ये. पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. सांडलेल्या किंवा टाकाऊ ट्रायझॉलवर ब्लीच ओतू नका, ग्वानिडिन थायोसायनेटशी मिळून विषारी वायू होतात. टाकाऊ द्रवासाठी वेगळी, नाव लिहिलेली बाटली ठेवा.

पहिल्यांदा घेताना १०० मिलीची बाटली पुरे, साधारण १०० नमुने होतात. नमुने कमी आणि हात नवखे असतील तर ट्रायझॉलमध्ये पेशी फोडून पुढचं शुद्धीकरण स्तंभावर (आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या छोट्या नळीत) करणारे संच घ्यावेत. क्लोरोफॉर्मचा टप्पा वाचतो, डीएनेझ स्तंभावरच लागतो. नमुन्यामागे खर्च मात्र वाढतो. संच निवडताना एवढं पाहा, की २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान आरएनए त्यात टिकतात की वाहून जातात.