‘निवड समिती’ने एकमताने निवडलेला माझा कथासंग्रह

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांना गाठणारी एक जमात आहे. तिला आपल्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात: याला पगार आहे, आणि प्रकाशकांचे उंबरे झिजवायला याच्याकडे वेळ नाही. मी दिवसा लेखापरीक्षण करते आणि रात्री कथा लिहिते. माझा संग्रह अशाच एका ‘प्रकाशन संस्थे’ने छापला. प्रकरण वकिलाकडे असल्याने नाव घेत नाही, पण यांची रीत कळून घ्या.

शुक्रवारी संध्याकाळी संग्रह पाठवला आणि सोमवारी सकाळी ‘निवड समितीची एकमताने पसंती’ असं पत्र हजर. पत्रभर ‘संवेदनशील’ आणि ‘तरल’ यांची रेलचेल, पण एकाही पात्राचं नाव नाही. मग गोड आवाजाचा फोन: “मॅडम, काफ्कासुद्धा विमा कचेरीत होते!” होतेच. पण 1912 साली त्यांचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा 800 प्रती छापल्या होत्या आणि त्या खपायला वर्षं लागली, हे फोनवरच्या गृहस्थांनी सांगितलं नाही. त्यांच्याकडे पहिल्याच वर्षी बेस्टसेलर करायची योजना तयार होती.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी ‘छपाईतला लेखकाचा वाटा’, मग संपादन, मुखपृष्ठ, कॉपीराइट नोंदणी, पुरस्कारासाठी प्रवेश फी. आधीचे पैसे अडकलेले असतात, म्हणून पुढचे जातात. यातली कॉपीराइटची फी तर निव्वळ लूट. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत मजकूर लिहिला की हक्क लेखकाचा होतो. नोंदणी हवी तर करावी, पण तिच्यावाचून हक्क अडत नाही.

संपादनाचा नमुना तर जपून ठेवण्यासारखा आहे. नायिकेचं ‘सुमा’ हे नाव त्यांना जुनाट वाटलं, म्हणून न विचारता ‘सीमा’ केलं. तेही एका झटक्यात, संगणकाला सगळीकडे बदलायला सांगून. परिणामी संग्रहभर लोक ‘सीमारे तासभर’ वाट पाहतात आणि एक पात्र ‘सीमार बुद्धीचं’ ठरतं. मी प्रुफावर लाल खुणा करून पाठवल्या, तरी पुस्तक तसंच छापलं.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचेही पैसे घेतले होते. या 13 अंकी क्रमांकाची खातरजमा कुणालाही करता येते. पहिला अंक 1 ने, दुसरा 3 ने, तिसरा परत 1 ने, असं शेवटपर्यंत गुणत जायचं; एकूण बेरजेला 10 ने नि:शेष भाग गेला पाहिजे. माझ्या पुस्तकावरच्या आकड्यांना जात नव्हता. लेखापरीक्षकाला खोटा आकडा विकायचा म्हणजे धाडसच!

सगळ्यात वाईट कलम करारात होतं. ‘पुस्तक छपाईत उपलब्ध असेपर्यंत’ सर्व भाषांचे आणि माध्यमांचे हक्क त्यांचे. वाचताना हे रास्त वाटतं. पण मागणी आली की एक प्रत छापायचं तंत्र हाताशी असताना पुस्तक ‘अनुपलब्ध’ होतच नाही, म्हणजे हक्क कधीच परत येत नाहीत. ठरावीक वर्षांची मुदत, किंवा अमुक प्रतींहून कमी खप झाला तर हक्क परत, असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. मात्र मग हक्क, फाइली आणि छापलेल्या प्रती आपल्या, आणि समोरचा फक्त मुद्रक. पैसेही आपले आणि हक्क त्यांचे, हा व्यवहार कुठल्याच वहीत बसत नाही.

निवड समितीचं म्हणाल, तर 2004 मध्ये अमेरिकेतल्या काही विज्ञानकथाकारांनी मिळून मुद्दाम भिकार कादंबरी रचली. एक प्रकरण दोनदा, एक गायब, एक चक्क संगणकाच्या प्रोग्रॅमने जुळवलेलं. सरसकट होकार देण्याबद्दल बदनाम असलेल्या एका संस्थेकडे ती पाठवली, आणि ती स्वीकारली गेली! बिंग फुटल्यावर होकार मागे घेतला, एवढंच.

माझ्या नोटिशीला त्यांचं उत्तर आलंय: हक्क परत हवे असतील तर ‘प्रक्रिया शुल्क’ भरा, आणि दुसऱ्या आवृत्तीवर खास सवलत आहे. भरलेलं नाही. करार, पावत्या, लाल खुणांची प्रुफं आणि सगळे संदेश तारीखवार लावून वकिलाला दिलेत. आणि हो, नवी कथा लिहितेय. नायिकेचं नाव सुमाच आहे.