टेसेरॅक्ट तीन आर्किटेक्चरवर: पाय ५, व्हिजनफाइव्ह २ आणि जुना डेस्कटॉप, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

काम असं: वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयातली जुनी मराठी पुस्तकं आणि इतिवृत्तं स्कॅन करून त्यातून शोधता येईल असा मजकूर काढायचा. त्यासाठी चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारा टेसेरॅक्ट ५ हा प्रोग्राम तीन यंत्रांवर चालवला. रास्पबेरी पाय ५ (एआरएम प्रोसेसर, ८ जीबी), व्हिजनफाइव्ह २ (रिस्क-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी) आणि देणगीत आलेला इंटेल कोअर टू ड्युओ डेस्कटॉप. निकाल आधीच सांगतो. रोजच्या कामाला पाय ५ घ्या. व्हिजनफाइव्ह २ वेगासाठी घेऊ नका, पण सॉफ्टवेअर पोर्ट करत, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर नेत असाल तर तो जवळ हवाच. कोड नुसता कंपाइल झालाय की खरंच पोर्ट झालाय, हे तोच दाखवतो.

टेसेरॅक्ट स्वतः फारसा त्रास देत नाही. डेबियन १३ या लिनक्समध्ये रिस्क-फाइव्हला पहिल्यांदा अधिकृत स्थान मिळालं, त्यामुळे तिन्हीकडे तयार पॅकेज मिळतं. प्रोसेसरमध्ये काय आहे ते प्रोग्राम चालू होताना तपासतो आणि त्याप्रमाणे कोड निवडतो. आवृत्ती विचारली की पायवर ‘फाउंड निऑन’ अशी ओळ येते. निऑन म्हणजे एका सूचनेत अनेक आकडे हाताळण्याची एआरएमची सोय. व्हिजनफाइव्हच्या यू७४ कोअरमध्ये तशी सोय, म्हणजे व्हेक्टर विस्तारच नाही, म्हणून तिथे साधा सी++ कोड चालतो आणि वेग पायच्या कितीतरी मागे राहतो. कोणत्याही कंपायलर पर्यायाने ही उणीव भरून निघत नाही.

वेगाचे सगळ्यात मोठे दोन फायदे तर सोर्सला हात न लावताच मिळतात. पहिला मॉडेलचा. टेसेरॅक्टचं ‘बेस्ट’ मॉडेल फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) आहे, ‘फास्ट’ पूर्णांकात, आणि पूर्णांकांच्या मॅट्रिक्स गुणाकारासाठी निऑनचा खास कोड लिहिलेला आहे. छापील पुस्तकांना फास्ट पुरतं. फिकट, जुन्या टायपाच्या पानांनाच बेस्ट लावा. मोबाइल डेटावर असाल तर मॉडेलची अख्खी रिपॉझिटरी उतरवू नका, मराठीची एकच फाइल घ्या. दुसरा फायदा थ्रेडचा. एका पानावर चार थ्रेड लावले की त्यांचा बराच वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो. ‘ओएमपी_थ्रेड_लिमिट’ १ करा आणि ‘एक्सआर्ग्ज’ या कमांडने एकाच वेळी चार पानं सोडा. डेस्कटॉपला दोनच कोअर आहेत, तिथे दोन पानं.

खरा घाम काढला तो आजूबाजूच्या छोट्या प्रोग्रामांनी. पान सरळ करणारे, डाग पुसणारे, मजकूर साफ करणारे हे सगळे जुने सी प्रोग्राम इंटेल समोर ठेवून लिहिलेले असतात.

पहिली अडचण ‘कॅर’ची, म्हणजे सी भाषेतल्या एका बाइटच्या प्रकाराची. लिनक्सवर इंटेलमध्ये हा प्रकार चिन्हासह असतो, एआरएम आणि रिस्क-फाइव्हवर चिन्हाविना. फाइल संपल्याची खूण उणे १ असते. फाइलमधून एकेक बाइट वाचणाऱ्या ‘गेटसी’चं उत्तर कॅरमध्ये ठेवलं असेल तर एआरएमवर ती खूण कधी येतच नाही आणि लूप फिरत राहतो. मराठीच्या बाबतीत याहून वाईट घडतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. ‘बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर तो इंग्रजी नाही’ अशी तपासणी इंटेलवर चालते, पायवर कधीच खरी ठरत नाही. मग अख्खं मराठी पान इंग्रजी समजून गाळलं जातं, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे ‘-एफसाइन्ड-कॅर’ हा कंपायलर पर्याय. कायमचा उपाय म्हणजे बाइटसाठी ‘अनसाइन्ड कॅर’ आणि गेटसीच्या उत्तरासाठी ‘इंट’.

दुसरी अडचण सरळ नसलेल्या, म्हणजे चारच्या पटीत न येणाऱ्या मेमरी-पत्त्यांची. बाइटच्या पॉइंटरला चार बाइटच्या पूर्णांकाचा पॉइंटर समजून वाचलं, तर इंटेल आणि पाय ते निमूट करतात. यू७४ मध्ये ते हार्डवेअरमध्ये होत नाही. प्रत्येक वेळी ट्रॅप होऊन, म्हणजे चालू काम थांबून, बोर्डाचं फर्मवेअर ते काम करतं. उत्तर बरोबर येतं, वेग कोसळतो. तिथे बाइट नक्कल करणारं ‘मेमसीपीवाय’ वापरा. आकार ठरलेला असला की कंपायलर ते स्वतःच साध्या सूचनांत उतरवतो, इंटेलवर काही तोटा नाही. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामवर हा दोष दिसत नाही. थ्रेडमधल्या मेमरी-क्रमाच्या चुकाही इंटेलवरच्या क्यूईएमयूत सहसा लपून राहतात, कारण खालचं यंत्र क्रम कडक पाळतं. खरा बोर्ड हवा म्हणतो तो यासाठी.

तिसरी अडचण एसएसई२ च्या इंट्रिन्सिकची, म्हणजे इंटेलच्या अशाच व्हेक्टर सूचना थेट कोडमध्ये लिहिलेल्या असण्याची. सिम्ड एव्हरीव्हेअर नावाची हेडरं लावली की कोड पायवर लगेच कंपाइल होतो आणि बऱ्याच ठिकाणी वेगही चांगला मिळतो. ‘मूव्हमास्क’ या इंटेलच्या सूचनेला मात्र निऑनमध्ये एका सूचनेचा पर्याय नाही, चार-पाच सूचना लागतात. डाग शोधणाऱ्या आतल्या लूपमध्ये ते असेल तर तो लूप निऑनसाठी नव्याने लिहा. व्हिजनफाइव्हवर तर साधा सी लूपच ठेवा. हेडरमधून उतरलेला कोड तिथे अनेकदा त्याहून हळू पडतो.

पान किती अंशांनी तिरकं आहे याचा आकडा यंत्रागणिक शेवटच्या दशांशांत बदलतो. एआरएम आणि रिस्क-फाइव्हवर जीसीसी गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत करतो आणि पूर्णांकन एकदाच होतं. कोन मर्यादेच्या अगदी काठावर असला की एका यंत्रावर पान फिरतं, दुसऱ्यावर नाही. तपासणीच्या वेळी ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ लावून तिन्हींचे निकाल ताडून पाहा, मग काढून टाका.

कंपाइल करतानाच्या किरकोळ गोष्टी. ‘कॉन्फिगर’ने यंत्र ओळखलं नाही तर ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ चालवा, जुन्या फाइलींना रिस्क-फाइव्ह माहीतच नसतो. जुन्या जीसीसीवर रिस्क-फाइव्हमध्ये अ‍ॅटॉमिकची लिंक तुटली तर ‘-एलअ‍ॅटॉमिक’ जोडा. यू७४ साठी ‘आरव्ही६४जीसी_झेडबीए_झेडबीबी’ द्या. पायवर ‘-एमसीपीयू=कॉर्टेक्स-ए७६’. नव्या यंत्रावर ‘-एमआर्च=नेटिव्ह’ने बांधलेला प्रोग्राम जुन्या डेस्कटॉपवर नेऊ नका; त्यात एव्हीएक्स या नव्या व्हेक्टर सूचना नाहीत, ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडेल. पाय ५ चं मूळ कर्नल मेमरीचे १६ केबीचे तुकडे (पेज) वापरतं. ४ केबी गृहीत धरून बांधलेले काही तयार प्रोग्राम त्यावर सुरूच होत नाहीत. तेव्हा कॉन्फिग फाइलमध्ये ‘कर्नल८’ निवडा.

आता आपल्याकडच्या हवेचं. मे महिन्यात खोलीतच चाळिशी पार असते आणि पाय ५ ८० अंशांपासून वेग कमी करू लागतो. पंख्याचा कूलर लावाच. जिनिंगच्या दिवसांत त्यात कापसाचे तंतू अडकतात, ब्रशने काढत जा. दुपारी मोजलेला वेग सकाळच्या वेगाशी ताडू नका. प्रत्येक मोजणीनंतर पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही कमांड चालवून बघा. शून्य नसेल तर ती मोजणी रद्द. ०एक्स५०००० म्हणजे व्होल्टेजही पडलं होतं आणि वेगही कापला गेला होता. असं दिसलं तर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर आणि त्याची वायर तपासा, लांब बारीक वायर इथे चालत नाही. शिवारात थ्री फेज आली, मोटारी सुरू झाल्या की लाईनही हलते, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर ठेवा. लाईन गेली तरी काम वाया जाऊ नये यासाठी प्रत्येक पानाचा मजकूर आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदला. स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली की झालेली पानं आपोआप वगळली जातात. तात्पुरत्या फाइली एसडी कार्डवर नकोत. व्हिजनफाइव्हला एम.२ जागा आहे, तिथे एनव्हीएमई लावा.

आज नव्याने रिस्क-फाइव्ह बोर्ड घेणार असाल तर व्हेक्टर १.० आहे का आणि आरव्हीए२३ (रिस्क-फाइव्ह प्रोसेसरमध्ये कोणत्या सोयी हव्यात याचा ठरलेला संच) पाळतो का, हे आधी विचारा. उबुंटू २५.१० ने रिस्क-फाइव्हसाठी आरव्हीए२३ सक्तीचं केलं, त्यामुळे व्हिजनफाइव्ह २ वर ते चालत नाही. डेबियन १३ चालतं. कॅर आणि मेमसीपीवायच्या दुरुस्त्या केल्यात तर त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवा. सोबत जीसीसीची आवृत्ती, प्रोसेसरची माहिती देणाऱ्या ‘एलएससीपीयू’ कमांडचा मजकूर आणि दोष दिसणारं एकच लहान पान जोडा, म्हणजे ज्याच्याकडे हा बोर्ड नाही त्यालाही तपासता येईल.