१३,५५० रुपयांच्या काड्या

लाज वाटत होती म्हणून सहा महिने गप्प बसले. पण परवा पलीकडच्या सोसायटीच्या गेटवर तोच पांढरा टेम्पो दिसला, म्हणून लिहितेय.

फेब्रुवारीत पुण्यात धायरीच्या फ्लॅटची गॅलरी सजवायची होती. पश्चिमेची, अकरा बाय पाच. टेम्पोतून झाडं विकायला दारावर आलेल्या माणसावर विश्वास ठेवलाच कसा, असं विचाराल. अहो, तो बोलत होता ते सगळं बरोबर होतं! टेप लावून माप घेतलं, कागदावर आखणी केली. बोगनवेल कठड्याला, तिला पाच-सहा तास ऊन हवंच. अरेका पाम आत, दुपारच्या उन्हात पानं करपतात. फिलोडेंड्रॉन, म्हणजे पानांसाठी लावतात ते शोभेचं झाड, दाराआड, थेट ऊन नको. दरवर्षी जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन बघणारी मी, मलाही खोट काढता आली नाही. त्याचं ज्ञान खरं होतं, झाडं खोटी होती.

चार बोगनवेली, 'दहा वर्षांचं बोन्साय' म्हणून, १,४५० प्रमाणे ५,८००. दोन गुलाबी पानांचे फिलोडेंड्रॉन ३,६००. तीन कलमी अडेनियम, ती फुगीर बुंध्याची फुलझाडं, २,२५०. माती-खताची चार पोती १,४००. आखणीचे ५००. क्यूआर स्कॅन केल्यावर भलत्याच बाईचं नाव आलं. 'वहिनींचं खातं आहे,' म्हणाला. तेव्हाच थांबायला हवं होतं.

पण खरा क्षण त्याच्याही आधीचा. मी एक बोगनवेल खोडाला धरून उचलायला वाकले, तर तो धावतच आला. 'काकू, खोडाला हात नको! पंधरा दिवस कुंडी हलवायचीसुद्धा नाही.' का, हे मी विचारलंच नाही. ह्यांनी विचारलं, 'कुंडीच्या भोकातून एखादं तरी मूळ दिसतंय का?' आणि मी म्हणाले, 'तुम्हाला काय कळतं झाडातलं?' हे वाक्य आता घरात रोज ऐकते.

अकराव्या दिवशी ओढून बघितलं. खोड अलगद हातात आलं. खाली कोयत्याचा तिरका काप, मूळ एकही नाही. कुठल्यातरी बंगल्याच्या कुंपणाची जाड फांदी तोडून मातीत खोचलेली. बोगनवेलीची रंगीत 'फुलं' म्हणजे खरं तर कागदासारखी पानंच, तोडल्यावरही बरेच दिवस तशीच दिसतात. म्हणून तर ह्या लोकांना तीच आवडते. अडेनियमचे बुंधे आतून कुजलेले, वरून माती फासलेली. पोत्यात वरची वीतभर लाल माती, खाली राडारोडा.

आणि गुलाबी पानं! सव्वीस वर्षं सातवीच्या मुलांना हरितद्रव्य शिकवलं मी. सगळी पानं नखशिखांत गुलाबी असतील तर झाड जेवतं कशावर, हा प्रश्न मला पडू नये? हिरव्याच झाडाला रसायन देऊन तो रंग आणतात, हे नंतर वाचलं. नवी पानं हिरवीच येताहेत. बाजारात ते झाड दीडशेला मिळतं.

काठ्या पुरावा म्हणून चौकीत नेल्या. 'आत आणू नका, कचरा होतो.' दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी, 'झाड मेलं त्याला आम्ही काय करणार? पाणी जास्त झालं असेल.' मेलं नाही हो, ते जिवंत कधी नव्हतंच! अर्ज घेतला, पण पोच मागितली तर 'शिक्का संपलाय'. शिक्का संपतो? बँकेत ऐकवलं, 'पिन तुम्हीच टाकलात ना?' ग्राहकांच्या तक्रारी घेतात तिथे पहिला प्रश्न पावतीचा. पावती असती तर मी फसले असते का? पाच चकरा, रिक्षाचे ६४० वेगळे.

खोडाला धरून हलवून बघा, विकणारा ओरडला तर ओरडू दे. पोतं जागेवर उपडं करायला लावा. गाडीचा नंबर आधी, पैसे नंतर. मी नंबरच घेतला नाही, म्हणून चौकीत तोंड उघडता येईना. आणि बिल देणारी नर्सरी सोलापूर रोडला उरुळीकांचनपर्यंत हवी तेवढी मिळेल, पेट्रोल जाळून जा.

परवा खाली उतरेपर्यंत टेम्पो गेला होता. वॉचमन म्हणाला, बी विंगच्या आजींनी दोन कुंड्या घेतल्या. बोगनवेलच.