ओव्हरहॉलचे पैसे घेतले आणि ट्रॅव्हल मोटर कोरडीच फिरवली

मृगापूर्वी यावल-रावेर पट्ट्यात विहिरींचे आणि शेततळ्यांचे खोदकाम अंगावर आलेले असते, आणि अशा वेळी पोकलेन उभी राहिली की मालक सांगेल तो खर्च मान्य करतो, हे काही मेकॅनिक चांगले ओळखून असतात. माझ्या यंत्राची सक्शन होज (टाकीतून पंपाकडे तेल ओढणारी नळी) बदलल्यानंतर चालताना हिसके बसू लागले, पंप शीळ घालू लागला आणि टाकीतील तेलाला फेस आला. जळगावहून आलेल्या मेकॅनिकने वरवर पाहून डावी ट्रॅव्हल मोटर, म्हणजे त्या बाजूची चेन फिरवणारी हायड्रॉलिक मोटर, गेल्याचे सांगितले, ती उतरवून नेली आणि सिलिंडर ब्लॉक, पिस्टन व सील नवे टाकल्याचे सांगून ८०,००० रुपये घेतले.

वास्तविक हिसके बूमलाही, म्हणजे खोदणाऱ्या हातालाही, बसत होते. एकच मोटर बिघडली असती, तर यंत्र सरळ न जाता एका बाजूला वळले असते. फेस, पंपाचा आवाज आणि सर्वच हालचालींतील थरथर एकत्र दिसली, तर हवा बहुधा सक्शनच्या बाजूने शिरत असते. तेथे दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने सैल क्लँपमधून तेल बाहेर गळण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, जमिनीवर डाग पडत नाही आणि दोष लपून राहतो. मोटर वर्कशॉपमध्ये असताना या गृहस्थाने तोच क्लँप आवळल्याचे आमच्या ऑपरेटरने पाहिले होते.

मोटर परत बसवताना त्याने जे केले, ते पैसे उकळण्यापेक्षाही वाईट होते. मुख्य नळ्यांतील हवा चेन सावकाश फिरवल्यावर तेलाबरोबर टाकीत निघून जाते. मोटरच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, मात्र सुरू करण्यापूर्वी तेल भरावेच लागते, कारण आतील बेअरिंग आणि पिस्टनचे शू (टोकाचे घसरणारे तुकडे) त्याच तेलावर जगतात. ड्रेनच्या (केसमधले झिरपलेले तेल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) तोंडातून केस स्वच्छ हायड्रॉलिक तेलाने भरायची, बूम-बकेटच्या आधाराने ती बाजू उचलायची, इंजिन आयडलवर ठेवून चेन दोन्ही दिशांना हळू फिरवायची आणि शेवटी टाकीची पातळी पुन्हा पाहायची, इतकेच हे काम आहे. (दाबाची नळी चालू इंजिनवर कधीही सैल करू नये, ती धार कातडीतून आत शिरते.) या मेकॅनिकने यातले काहीही न करता पूर्ण रेसवर यंत्र थेट चढावर घातले.

पुढे दुसऱ्या जाणकाराने मोटर उघडली, तेव्हा शूचे पितळ खरवडले होते, ज्यावर हे शू घसरतात ती स्वॅश प्लेट तापून निळसर पडली होती, आणि ‘नवे’ सील जुनेच, कडक झालेले निघाले. बदललेले भाग मागितल्यावर ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले; पक्के बिल देण्याचे तो आजही टाळतो.

मोटर उतरवू देण्यापूर्वी डाव्या-उजव्या मोटरच्या नळ्या आपल्यासमोर अदलाबदल करून घ्याव्यात. दोष दुसऱ्या बाजूला गेला, तर मोटर निर्दोष आहे. तो जागेवरच राहिला, तर दोन्ही ड्रेनची गळती बादलीत मोजून तुलना करावी, मोटर आपल्यादेखत उघडायला लावावी, आणि जुने भाग व भागांच्या नंबरांसह जीएसटीचे बिल हाती आल्यावरच उरलेली रक्कम द्यावी.